मास्तरणीचे सतरा किलोमीटर

मी मास्तरणीच्या गळ्यातला पट्टा बोलतोय. दिसायला साधाच, पण माझ्या पोटात काडेपेटीएवढं यंत्र आहे. मला घालणारा दिवसभरात किती फिरला, ते यंत्र फोनवर सांगतं. अंगी एवढाच गुण, पण त्याचा मला भारी तोरा होता.

मास्तरीण म्हणजे मेंढ्या राखणारी अकरा वर्षांची कुत्री. दीडशे मेंढ्यांना शिस्तीत ठेवते म्हणून हे नाव पडलं. तिच्या हाताखाली भिंगऱ्या, दोन वर्षांचा. एका जागी बसेल तर शपथ!

कळप दोन महिन्यांसाठी वरच्या कुरणात न्यायचा होता. तिथल्या खोपटात मालकांसोबत एकच कुत्रं राहणार होतं. "मास्तरीण थकली. तिला दाराशी बांधून ठेवू," मालक म्हणाले. जन्मात साखळी न पाहिलेल्या कुत्रीला! त्यांची मुलगी जनावरांची डॉक्टर. ती म्हणाली, "बाबा, अंदाजाने नको. मोजून ठरवू." आणि तिने मला घरी आणलं.

पहिला दिवस मास्तरणीचा. काय सांगू तिचं काम! भुंकणं नाही, आरडाओरडा नाही. कळपाला लांबून वळसा घालायचा, पोट जमिनीला टेकवायचं आणि नुसतं बघायचं. पुढची मेंढी मुकाट वळायची, बाकीच्या तिच्यामागे. ओढ्याजवळ एक कोकरू मागे राहिलं, तर कुणी न सांगता ती परत गेली. तिला लागलेली धाप मला कळत होती, पण मालक समोर आले की ती जीभ आत घ्यायची. संध्याकाळी आकडा आला, सतरा किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी मी भिंगऱ्याच्या गळ्यात. आकडा एक्केचाळीस!

"बघ, मी म्हणत नव्हतो?" मालक म्हणाले, पण आवाजात आनंद नव्हता. ते गोठ्यात साखळी शोधायला गेले. काहीतरी काम निघालं असं वाटून मास्तरीण शेपूट हलवत त्यांच्यामागे गेली.

मुलगी फोनवरचा नकाशा बघतच राहिली. तिने भावाला विचारलं, "दादा, आज दुपारी तू कुठे होतास?"

"बाजारात. टायर बदलायला."

"आणि भिंगऱ्या?"

"गाडीच्या टाकीवर! सोडतोय होय तो मला?"

"जाऊन-येऊन किती?"

"सव्वीस."

म्हणजे भिंगऱ्याचे स्वतःचे पंधराच. बहीणभाऊ पोट धरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोटरसायकलवर मीही होतोच की. पण यंत्राला पाय आणि चाक सारखंच, आणि खरं सांगतो, एवढा मोठा आकडा आला म्हणून मी फुशारलो होतो.

साखळी घेऊन परत आलेले मालक हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गुपचूप स्वतःच्या खिशात टाकलं आणि दिवसभर कळपामागे चालले. साडेनऊ किलोमीटर भरले. संध्याकाळी ते मास्तरणीशेजारी टेकले. "माझे पाय बोलायला लागले, आणि मी तुला थकलेली म्हणतो," असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. साखळी पुन्हा खुंटीला गेली. कुरणात मास्तरीणच गेली, आणि तिच्या गळ्यात मी.

त्याला तीन वर्षं झाली. आता कळप भिंगऱ्या सांभाळतो. तोही लांबून वळसा घालतो आणि पोट टेकून बसतो. कुणाकडून शिकला ते सांगायला नको. मास्तरीण रोज संध्याकाळी दारापासून मेंढ्यांच्या फाटकापर्यंत जाते, शेवटची मेंढी आत गेलेली बघते आणि परत येते. चारशे मीटर. मालक फोन बघून म्हणतात, "मास्तरीण हजर."

माझी बॅटरी आता टिकत नाही. नवा पट्टा जरूर आणा, भिंगऱ्याला घाला. पण मला तिच्या गळ्यातून काढू नका. मोजायचं म्हणून नव्हे, मला तिच्यासोबत फाटकापर्यंत जायचंय.