चालू युद्ध विभाग

कर्नल आयुष्यात एकदाही सैन्यात गेले नव्हते. बंदूक राहू द्या, घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारायचे. चौतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत काढली. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, 'हा पोचा जुना आहे' असं लिहायचं आणि लोकांचे क्लेम उडवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी जेवणाचं टेबल चिमुकल्या रणगाड्यांसाठी काबीज केलं, तेव्हा बायकोनं वैतागून त्यांना कर्नल म्हणायला सुरुवात केली. टोमणा होता तो. पण या पठ्ठ्यानं तो पदवीसारखा मिरवला.

शहरात मॉडेलवाल्यांचं एक मंडळ होतं आणि मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन. ऐतिहासिक विभागात सात वर्षं एक डेंटिस्ट पहिला येत होता. दवाखान्यातल्या ड्रिलनं तो रणगाड्याच्या पट्ट्याची एकेक कडी कोरायचा. त्याच्यापुढे कुणाची डाळ शिजत नव्हती. कर्नल सातही वर्षं दुसरे. म्हणून यंदा त्यांनी विभागच बदलला. 'चालू युद्ध' नावाचा विभाग होता, त्याच्या वाटेला फारसं कुणी जात नसे, कारण तिथल्या गाड्या दर आठवड्याला बदलायच्या. ड्रोन येऊ लागले की गाडीवर लोखंडी पिंजरा चढायचा, मग पिंजऱ्यावर आणखी जाळी. आज केलेलं मॉडेल उद्या शिळं. शिवाय नियम असा की युद्ध प्रदर्शनाच्या दिवशी चालू हवं. तह झाला की गाडी इतिहासजमा, म्हणजे थेट डेंटिस्टच्या दाढेखाली.

आता देवाचीच कृपा म्हणायची, कर्नलांचा गुडघा धरला. व्यायाम करून घ्यायला घरी फिजिओथेरपिस्ट यायला लागली, आणि ती निघाली नेमकी ज्या देशात युद्ध चालू होतं तिथली. तिचा धाकटा भाऊ तिथे रसदीचा ट्रक चालवत होता. तिनं कौतुकानं मोबाइलवर भावाचा फोटो दाखवला. हसरं पोरगं, कान जरा पुढे आलेले. कर्नलांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि विचारलं, "मागच्या ट्रकवरचा पिंजरा त्यानं स्वतः वेल्ड केलाय का गं?"

झालं! तेव्हापासून ती त्यांचा पाय दाबायची आणि ते तिचं डोकं खायचे. पिंजऱ्याला सळ्या किती? चौथी वाकडी का? वायपर दोन्ही आहेत की एकच? बिचारी भावाला विचारायची, तो बिचारा खंदकातून मोजून सांगायचा. अकरा सळ्या, काका. चौथी झाडाला घासली. आणि तो विचारतोय, तुमचा गुडघा कसा आहे?

"गुडघ्याचं मरू दे," कर्नल म्हणायचे, "टायर विचार."

चार महिन्यांत वीतभर लांबीचा ट्रक तयार झाला. त्या चौथ्या सळीला नेमका बाक यावा म्हणून त्यांनी ती तीनदा काढून तीनदा डकवली.

प्रदर्शन रविवारी होतं. गुरुवारी सकाळी फिजिओ जिना धावत चढून आली. चप्पलसुद्धा काढली नाही. "काका! काकू! तह झाला! आत्ता बातमी आली, तो घरी येणार!" बायकोनं तिला मिठीच मारली, दोघी रडायला लागल्या. टेबलाशी बसलेल्या कर्नलांच्या हातात चिखलाच्या रंगाचा ब्रश होता.

"अरे, रविवारपर्यंत थांबायला काय झालं होतं यांना!" ते म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, पण तोवर खोलीतलं सगळं थांबलं होतं. "जळो ते तोंड तुमचं!" बायको म्हणाली. फिजिओनं डोळे पुसले, चप्पल दाराबाहेर काढली, त्यांना कॉटवर झोपवलं आणि रोजचे वीस व्यायाम करून घेतले. एकही कमी केला नाही. कर्नल शरमले, खरंच शरमले. पण त्या शरमेतही मनात डेंटिस्टचे पांढरेशुभ्र दात चमकतच होते.

रविवारी सकाळी मंडळाच्या चिटणीसाचा फोन आला. "कर्नल, अभिनंदन! मोडला!"

"काय सांगता!"

"पहाटे दोन्हीकडून तोफा सुरू. तुमचा विभाग कायम!"

दोघंही खदाखदा हसले. आपण कशाला हसलो हे त्यांना कळलं नाही असं नाही. कळलं, पण फोन ठेवल्यावर. आणि मग गाडी काढायची घाई होती.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक पिंजऱ्यावर इतके खूश झाले की त्यांनी डेंटिस्टला बोलावून तो दाखवला. कर्नलांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी पाच वाजता ते बक्षिसाची ढाल काखोटीला मारून घरी आले, तर बैठकीत फिजिओ बसलेली. तिचा आज दिवस नव्हता. समोरचा चहा थंड झाला होता.

"पहाटेपासून त्याचा फोन लागत नाही," बायको हळूच म्हणाली.

फिजिओ उठून उभी राहिली. "काका, तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर जळलेल्या गाड्यांचे फोटो लगेच येतात ना? आजचे बघता? मला सगळ्या सारख्याच दिसतात. तुम्हाला ओळखता येतं."

कुणी असं म्हटलं की कर्नलांची छाती फुगायचीच. लाज वाटावी, पण ती तेव्हाही जराशी फुगली. ढाल खुर्चीवर ठेवून ते कॉम्प्युटरपाशी बसले. ती पाठीशी उभी राहिली.

"ही नाही, ही तेलाची. ही दुसऱ्या बाजूची. ही तर रुग्णवाहिका." एकेक फोटो ते भराभर मागे टाकत गेले. आठ झाले. प्रत्येक 'नाही'ला ती मागे श्वास सोडत होती.

नववा फोटो आला. रस्त्याकडेला काळा ठिक्कर सांगाडा. रंग नाही, नंबर नाही, टायर वितळलेले. वर पिंजरा तेवढा शाबूत. कर्नलांना सळ्या मोजाव्याही लागल्या नाहीत. ती चौथी सळी त्यांच्या बोटांना पाठ होती. आत पुढच्या बाजूला जे होतं तिकडे त्यांनी बघितलं नाही.

"ही पण नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "बनावटच वेगळी आहे. याच्यात तुझा भाऊ नाही, पोरी."

बोलले ते माणसासारखं. पण हाताला तेवढी अक्कल कुठली? चांगल्या कामाचा फोटो दिसला की बटण दाबायचं, ही हाताची सवय. त्यानं दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली: फोटो साठवला.

फिजिओनं ती ओळ वाचली. मग त्या काळ्या सांगाड्यावर बोट ठेवलं.

"आधीचे आठ तुम्ही टाकून दिलेत, काका," ती म्हणाली. "मग हा का ठेवून घेतलात?"