उघड्या हातांनी

लाखनीबाहेर हायवेला लागून सेवकरामचं चहा-भज्यांचं दुकान आहे. त्या दुपारी समोरच एका ट्रकने मोटरसायकलवाल्याला उडवलं. लोकांनी मोबाइल काढले. सेवकराम मात्र कांदे कापायचे सोडून धावला. त्या माणसाच्या मांडीतून रक्ताची धार लागली होती. सेवकरामने खांद्यावरचा दुपट्टा जखमेवर दाबून धरला आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हात हलवला नाही.

डॉक्टर कीर्ती हातमोजे घालूनच उतरली. पट्टी बांधून जखमीला गाडीत चढवल्यावर तिचं लक्ष सेवकरामच्या हाताकडे गेलं. माखलेल्या बोटावर ताजी चीर होती.

"हे कधी कापलं, काका?"

"आताच, कांदे कापताना. काही नाही जी."

"साबणाने धुवा. पिळू नका, नुसतं वाहत्या पाण्याखाली धरा. अन् गाडीत बसा."

"मी कायले? मले काय झालं? दुकान उघडं हाय!"

"त्याचं रक्त तुमच्या जखमेला लागलं. त्याला रक्तातून पसरणारा आजार असला तर तुम्हालाही होऊ शकतो. औषध लवकर घेतलं तर टळतो."

चुलीपाशी उभी असलेली त्याची बायको, निर्मलाबाई, घाबरून ओरडली, "जा ना जी! मी पाहतो दुकान."

दवाखान्यात जखमीचं आणि सेवकरामचं, दोघांचंही रक्त तपासलं. कीर्तीने सेवकरामला लस आणि एक इंजेक्शन दिलं.

"म्हणजे त्याले बीमारी हाय?" त्याने हळूच विचारलं.

"त्याचं मी तुम्हाला सांगणार नाही, काका. तुमचंही कोणाला सांगणार नाही."

सेवकरामने मान डोलावली. मग म्हणाला, "बरोबर हाय तुमचं."

पुढचे महिने कठीण गेले. त्याची झोप उडाली. लशीची तारीख आली की कीर्तीचा फोन यायचा. एकदा दुकानावर थांबून तिने दोघा नवरा-बायकोला समजावलं, की सोबत जेवल्याने, एका कपात चहा प्याल्याने असे आजार लागत नाहीत. शेवटचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा निर्मलाबाई दवाखान्यातच रडली.

दिवाळीनंतर तो मोटरसायकलवाला काठी टेकत दुकानावर आला आणि सेवकरामच्या पाया पडायला वाकला. सेवकरामने त्याला धरून बाकावर बसवलं, चहा दिला.

"काका, तुम्ही नसते तर मी मेलो असतो."

"डॉक्टरीणबाई नसती तर माझंही काही खरं नव्हतं," सेवकराम म्हणाला आणि शेजारी बसून त्याच्यासोबत चहा प्यायला.