धाकूचा उलटा हात

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. ठाण्यात माझं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे काय, तर एक गाळा, एक जुनी फियाट आणि एक मी. माझ्या पायाशी जादाचा ब्रेक नि क्लच बसवून घेतलेला, पण शिकणाऱ्याने चूक केली की माझा पाय पडायच्या आधी तोंड सुटायचं. कळव्याला आमच्या चाळीत बायका माझ्या बायकोला विचारायच्या, काय गं, कुंडलिक मास्तर घरी पण असेच ओरडतात का? ती सांगायची, घरातला ब्रेक माझ्याकडे असतो.

तर धाकूची गोष्ट. सत्त्याऐंशी साल असेल. नारळी पौर्णिमा नुकती झालेली, आणि कोलशेतचा एक कोळी माझ्याकडे आला. चाळिशी उलटलेली, अंगाने सडसडीत, पाय अनवाणी. त्याचं म्हणणं असं की खाडीत आता काही राहिलेलं नाही. जाळं वर येतं ते अर्धं रिकामं, आणि जी काही मासळी येते तिला रॉकेलचा वास, बाजारात कोण हात लावत नाही. जवळच्याच एका कंपनीला जीपवर ड्रायव्हर हवा होता. तिथले साहेब धाकूला ओळखायचे. त्यांनी सांगितलेलं, दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवतो, तोवर पक्कं लायसन्स आण. नाही आणलंस तर दुसरा माणूस घेईन. धाकूचं अख्खं घर त्या जागेकडे डोळे लावून बसलेलं.

लर्निंग लायसन्स काढलं आणि आम्ही सुरुवात केली. माणूस हुशार. क्लच त्याला पहिल्याच दिवशी कळला, जो सुशिक्षित लोकांना महिनाभर कळत नाही. गिअर हलक्या हाताने टाकायचा. भीती तर नावाला नव्हती. मी आपला खूश. आणि मग कोलशेत रोडला एक म्हैस आडवी आली.

मी म्हटलं, उजवीकडे काढ. त्याने गाडी डावीकडे काढली, थेट म्हशीच्या अंगावर. ब्रेक मी दाबला म्हणून म्हैस वाचली आणि आम्ही पण. माझं डोकं फिरलं. उजवं-डावं कळत नाही का तुला, जेवतोस कुठल्या हाताने? त्याने शांतपणे उजवा हात वर केला. चेहरा पडलेला.

गंमत अशी की हे नेहमी व्हायचं नाही. विचार करायला वेळ मिळाला की गाडी बरोबर वळायची. पण अचानक कोणी आडवं आलं, मी जरा मोठ्याने बोललो, की हात उलटा. उजवीकडे म्हटलं की डावीकडे, डावीकडे म्हटलं की उजवीकडे. मी पुष्कळ जणांना शिकवलं, चुकणारे खूप बघितले. पण चुकणारा माणूस कधी असा चुकतो, कधी तसा. हा दर वेळी एकाच तऱ्हेने चुकायचा. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथे. रात्री जेवताना बायको म्हणायची, अहो, आमटी घ्या ना, आणि मी ताटासमोर हाताने हवेत स्टिअरिंग फिरवत बसलेलो.

पहिल्या टेस्टला जे व्हायचं तेच झालं. आरटीओच्या ग्राउंडवर बांबूच्या काठ्या रोवून इंग्रजी आठचा आकडा आखलेला असायचा, त्यातून गाडी फिरवायची. तिथले इन्स्पेक्टर कडक, पण सरळ माणूस. कुणाचं ऐकायचे नाहीत, माझं तर नाहीच. त्यांनी शिट्टी मारली, धाकू दचकला, आणि पहिल्याच वळणावर काठी आडवी. साहेब म्हणाले, पुन्हा या. मी सगळ्या रांगेसमोर धाकूला वाटेल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मास्तर, उजवा-डावा मना कळतो. हात आयकत नाय. तुम्ही एकदा होडीवर या. तिथं बघा माझा हात."

दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, चल, मोठा आला. पण किडा गप्प बसू देईना. रविवारी सकाळी मी कोलशेतला गेलो.

धाकूची बायको आवडाबाई होडीतलं पाणी उपसत होती. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तिने विचारलं, पोहता येतं का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग गप बसा. होडीला छोटं मशीन होतं. मागच्या टोकाला धाकू बसला, सुकाणूचा लांब दांडा काखेत धरून. आवडाबाई मध्ये, मी पुढे. बाळकुमच्या बाजूला निघालो. दोन्ही काठांना तिवरांची झाडं, मध्ये कुठे पाणी तर कुठे नुसता चिखल, वरून काही समजत नाही. धाकू आवडाबाईशी गप्पा मारत होता. बघतही नव्हता धड. होडी आपली चिखल चुकवत चाललेली. म्हशीवर गाडी घालणारा माणूस तो हाच, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी म्हटलं, मला दे बघू जरा.

धाकू बाजूला झाला. मी दांडा धरला. थोडं पुढे गेलो तर समोर चिखलाचा उंचवटा दिसायला लागला. धाकू म्हणाला, उजवीकडं घ्या. मी दांडा उजवीकडे ढकलला. होडी डावीकडे. मी आणखी जोरात उजवीकडे. होडी आणखी डावीकडे, आणि फसकन चिखलात. आवडाबाई एवढी हसली की तिला खाली बसायला लागलं. म्हणाली, मास्तर, जेवता कुठल्या हाताने? म्हणजे धाकूने घरी सगळं सांगितलेलं. माझा संताप संताप झाला, आणि संतापातच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. सुकाणू मागे पाण्यात असतं, त्यामुळे सगळं उलट. हा माणूस बापाच्या मांडीवर बसून हे शिकलेला. विचार करतो तेव्हा डोकं गाडी चालवतं. घाबरतो तेव्हा डोकं बाजूला आणि हात होडी चालवतो. आणि स्टिअरिंगला आम्ही हात ठेवायला सांगतो वरच्या बाजूला.

वरच्या बाजूला. मी तिथल्या तिथे उठून उभा राहिलो, होडी डुलली, आवडाबाई ओरडली. स्टिअरिंगच्या चाकाचं वरचं टोक उजवीकडे गेलं की खालचं टोक कुठे जातं? डावीकडे. म्हणजे धाकूने स्टिअरिंग एका हाताने खालून धरलं, तर त्याचा उलटा हात गाडीत सुलटा. हात डावीकडे, गाडी उजवीकडे, अगदी होडीसारखी. मला एवढा आनंद झाला की मी चिखलात उतरून होडी ढकलायला लागलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. धाकूने बखोटीला धरून वर ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याला खालून धरायला सांगितलं. काय सांगू, गाडी काय फिरली. म्हैस, सायकलवाला, शाळेतली पोरं, सगळं चुकवत आम्ही बाळकुम नाक्यापर्यंत जाऊन आलो. मी एकदाही ओरडलो नाही. धाकूच मधूनमधून माझ्याकडे बघायचा, मास्तरांना बरं नाही की काय.

दुसऱ्या टेस्टला त्याने आठाचा आकडा असा काढला की रांगेतले लोक बघत राहिले. पण साहेब खिडकीशी आले आणि म्हणाले, हात कुठे आहे हा? मी पुढे झालो आणि त्यांना सगळं सांगितलं, होडी, सुकाणू, दांडा, वरचं टोक, खालचं टोक. मला वाटलेलं, हाकलून देतील. त्यांनी उलट नीट ऐकून घेतलं. हवेत हात फिरवून स्वतः करून बघितलं, एकदा वरून, एकदा खालून. इंटरेस्टिंग आहे, म्हणाले. मग धाकूकडे वळून म्हणाले, "जीपमध्ये माणसं बसलेली असणार. चाक खड्ड्यात आपटलं की खालच्या एका हातात स्टिअरिंग राहत नाही. दोन्ही हात वर घेऊन चालवता आली की या."

मला भांडायचं होतं. पण माणूस खरं बोलत होता. मी स्वतःच्या मुलाला असं खालून धरून चालवू दिली असती का? नसती.

दिवाळी तोंडावर आलेली. परत येताना मी गाडी चालवत होतो, धाकू बाजूला बसलेला, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. मी म्हटलं, सोड रे, दुसरं काही काम बघू. तो म्हणाला, दुसरं काय येतं मला? मग हातांकडे बघत म्हणाला, हात सकाळी होडीवर शिकतो आणि दुपारी गाडीवर विसरतो, एक कायतरी सोडायला लागेल.

आणि त्याने होडी सोडली. काठाला बांधून टाकली आणि तिच्याकडे फिरकायचं बंद केलं. आवडाबाई दुसऱ्यांच्या होडीची मासळी घेऊन बाजारात बसायला लागली. धाकू सकाळपासून माझ्या गाळ्यावर. इतर शिकणाऱ्यांच्या वेळा संपल्या की मी त्याला गाडीवर घ्यायचो, फुकट, आणि मुद्दाम दचकवायचो. कानाशी टाळी वाजव, एकदम ओरड, तोंडावर फडकं मार. ओरडायचं काम मला जमतंच. घरी गेला की हा परात हातात घेऊन भिंतीशी बसायचा आणि दोन्ही हातांनी फिरवायचा, उजवीकडे, डावीकडे. आवडाबाई गाळ्यावर येऊन मला सुनावून गेली, मास्तर, तुमच्यापायी माझ्या घरात भाकरी थापायला परात राहिली नाय.

हळूहळू हात वळला. आधी दहातल्या पाच वेळा, मग कधीतरीच उलटा जायचा, मग जायचाच बंद झाला. तिसऱ्या टेस्टला साहेबांनी शिट्टी मारली, वर मुद्दाम बॉनेटवर थाप मारली. धाकूचे दोन्ही हात वर, आणि एकही काठी हलली नाही. साहेबांनी सही करताना मला विचारलं, काय केलंत हो? मी छाती फुगवून म्हटलं, मेहनत.

धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी धाकूने मला जेवायला बोलावलं. जिताडा मासा आणू म्हणाला, खाडीच्या वरच्या अंगाला अजून मिळतो, आणि तुम्ही पण चला. बऱ्याच दिवसांनी होडी पाण्यात काढली. धाकू मागे जाऊन बसला, दांडा काखेत धरला. खिशात लायसन्स, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. मला म्हणाला, सोमवारपासून ड्युटी. आवडाबाईने नवं लुगडं नेसलेलं. मी मजेत होतो, खोटं कशाला बोलू.

बाळकुमच्या बाजूला तोच चिखलाचा उंचवटा आला. आवडाबाई बोलता बोलता म्हणाली, उजवीकडं. धाकूने दांडा उजवीकडे ढकलला.

होडी डावीकडे गेली आणि चिखलात बसली.

आवडाबाई हसायला लागली आणि मध्येच थांबली. धाकू आपल्या हाताकडे बघत होता. मशीन तसंच धडधडत होतं, ते बंद करायचं पण त्याला सुचलं नाही, तिने केलं. या माणसाच्या हातून होडी जन्मात कधी चिखलात बसली नसेल, आणि मी टाळ्या वाजवून वाजवून त्याच्या हातातून ते काढून घेतलेलं.

"सरा," आवडाबाई म्हणाली, "मी घेते."

तिने बांबूने रेटा देऊन होडी मोकळी केली आणि दांड्याशी जाऊन बसली. धाकू तोल सांभाळत पुढे आला आणि माझ्या शेजारी टोकाला बसला. मी म्हटलं, अरे, दोन-चार दिवस रोज होडी काढ, हात येईल परत.

"नाय मास्तर," तो म्हणाला. "आता परत यायला नको. उद्यापासून जीपमधी माणसं असतील."

आवडाबाईने मशीन सुरू केलं आणि होडी उंचवट्याला वळसा घालून सरळ पाण्यात आणली. समोर खाडी रुंद होत गेली. पलीकडे कळव्याची घरं, मध्ये पूल, त्याच्याखाली उन्हात चमकणारं पाणी. धाकू गुडघ्यांना मिठी मारून बघत होता, इकडून तिकडे, पुन्हा इकडे, नव्या गावात आलेल्या माणसासारखा.

"एवढी वर्सं मागंच बसलो," तो म्हणाला. "पुढून खाडी अशी दिसते, मना ठावंच नव्हतं."