अर्ध्या कटिंगचे पाच जण

रोज सकाळी वस्ताद आरशासमोर बसून स्वतःची दाढी करत. ती झाली की वहिनी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन येत. "थांबा, साबण राहिलाय, पुसते," म्हणत त्या वस्तादांची मान जरा वळवत आणि टॉवेलाआड लपवलेल्या रेझरने डावा गाल हातासरशी उरकून टाकत. कारण वस्ताद फक्त उजव्या गालाची दाढी करत. आपल्याला डावा गाल आहे, हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

थट्टा नाही ही. वस्ताद म्हणजे तीस वर्षं एका जागी दुकान चालवलेले न्हावी. रस्त्यात पाठमोरा माणूस दिसला तर मानेवरचा भोवरा पाहून नाव सांगतील, असे. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी वस्ती तिला वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तसंच म्हणू. पाच महिन्यांपूर्वी वस्तादांना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय लुळा पडला, तो काठीच्या आधाराने पुन्हा चालू लागला. डावा हातही थोडाफार उघडझाप करू लागला. उजवा हात तर पहिल्यासारखाच सुरेख चालत होता. पण जगाची डावी बाजू जी गेली, ती काही आली नाही. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा. ताटातलं उजवीकडचं संपलं की वस्ताद म्हणायचे, "आज एवढंच केलंस?" मग वहिनी गुपचूप ताट फिरवायच्या, आणि वस्ताद उरलेलं आवडीने खायचे.

डॉक्टरांनी वहिनींना समजावून सांगितलं होतं. डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदू डावीकडची दखल घेत नाही, आणि घेत नाही हेही त्याला कळत नाही. "त्यांना सारखं सांगत राहा, लक्षात आणून देत राहा," असंही ते म्हणाले होते. वहिनींनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं गिळून टाकलं. एवढ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला 'तुमचं अर्धं जग गेलं' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण झाकून झाकून किती झाकणार? चौथ्या महिन्यात वस्तादांनी हट्टाने दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून त्यांनी ऐटीत टॉवेल झटकला, "झालं!" गिऱ्हाईक हसलं, मग चिडलं. वस्ताद त्याच्याहून चिडले. तीस वर्षांचा हात, आणि हा कालचा पोऱ्या चुका काढतो! आठवड्याभरात दुकानाकडे चिटपाखरू फिरकेना. "लोकांना आता नवी दुकानं आवडतात," असं सांगून वहिनींनी शटर ओढलं. वस्ताद दिवसभर खिडकीशी बसू लागले. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. दुकान कायमचं गेलं तर हा माणूसही जाईल, हे वहिनींना स्वच्छ दिसत होतं. आणि दुकान चालवायचं तर सत्य सांगायला हवं होतं. ते त्यांच्या जिभेवर येऊन परत फिरायचं.

अशात एक दिवस शिंपीणताई दारात आली. चाकाच्या खुर्चीवरून आली, आणि पायरी पाहून बाहेरूनच हाक मारली. लहानपणापासून तिचे पाय चालत नव्हते, पण जीभ दोन्ही पायांची भरपाई करेल अशी होती. "वहिनी, रविवारी सकाळी शाळेच्या खोलीत या. आमचं मंडळ असतं. वस्तादांनाही घेऊन या."

मंडळ वहिनींना माहीत होतं. लंगडे, पांगळे, आंधळे जमतात आणि एकमेकांना सांभाळतात, एवढंच. आमचे हे त्यातले नाहीत, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. नाक मुरडायची आपल्याला सवयच असते, दुखणं आपल्या घरात येईपर्यंत. पण घरात खिडकीशी बसलेली ती पाठ आठवली आणि वहिनी म्हणाल्या, "येतो."

मंडळात अकरा जण. रीत अशी की गोल करून बसायचं आणि या आठवड्यात आपल्याला काय जमलं नाही, ते ज्याने त्याने सांगायचं. दुसऱ्यांनी उपाय सुचवायचा, नाहीतर गप्प बसायचं. 'अरेरे' म्हणायला बंदी. जो म्हणेल त्याने सगळ्यांच्या चहाच्या कपबश्या विसळायच्या. वहिनींनी पहिल्या दहा मिनिटांत तीनदा 'अरेरे' म्हटलं, आणि तेहतीस कपबश्यांचं कर्ज डोक्यावर घेतलं.

वस्तादांची पाळी आली. "मला सगळं जमतं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक तेवढं पळालंय."

"मग आम्ही आहोत की," रंगारी म्हणाला. परांचीवरून पडून एक पाय गमावलेला, लाकडी पायावर टकटक चालणारा हा माणूस. त्याने खुर्ची मधोमध ओढली, वस्तादांकडे पाठ करून बसला आणि मान खाली घातली. "घ्या डोकं. मात्र वस्तरा नको, कात्रीच चालवा. कान दोनच आहेत."

वस्तादांच्या हातात पाच आठवड्यांनी कात्री आली. कंगव्यावरून ती अशी चुरुचुरु धावली की वहिनींना रडूच यायला लागलं. उजवी बाजू कापून झाली. काय सुरेख कापली होती! वस्तादांनी मानेवरचे केस झटकले. "झालं." डाव्या बाजूला जंगल जसंच्या तसं.

कोणी हसलं नाही. वहिनी कात्री घ्यायला पुढे धावल्या, तर शिंपीणताईने त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या." तेवढ्यात वेतकाका काठी टेकत आले. खुर्च्यांना वेत विणणारे, जन्मापासून आंधळे. त्यांनी रंगाऱ्याच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले. "वस्ताद, डावी बाजू राहिली."

"आता आंधळ्याने मला कटिंग शिकवायची?" वस्ताद कडाडले.

वेतकाका मनापासून हसले. "अहो, मी आंधळा आहे हे मला माहीत तरी आहे!"

वहिनींना वाटलं, आता धरणी दुभंगली तर बरं. पण वस्तादांचा राग पुरता पेटण्याआधीच दुसरा माणूस खुर्चीत येऊन बसला. मग तिसरा. समोर डोकं आलं की न्हाव्याचा हात थांबतो थोडाच? त्या सकाळी पाच डोकी झाली. पाचही अर्धी. आणि पाचही जण 'राहिलेलं पुढच्या रविवारी' म्हणून तशीच डोकी घेऊन घरी गेले.

त्या आठवड्यात वस्तीत दुसरा विषय नव्हता. रंगारी अर्ध्या डोक्याने भिंती रंगवत होता. एक जण अर्ध्या डोक्याने लग्नाला गेला आणि फोटोत उजवी बाजू पुढे करून उभा राहिला. वहिनींना बाजारात जायची सोय राहिली नाही. शेवटी त्या शिंपीणताईच्या घरी गेल्या. "ताई, हात जोडते, त्यांना दुसरीकडे जाऊन सारखं करून घ्यायला सांगा. आमच्यापायी का हसं करून घेता?"

शिंपीणताई हातमशीनवर काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचा न्हावी ठरलेला आहे. ते जाऊ द्या. वस्ताद जेवतात कसे?"

"जेवतात की. ताट फिरवते ना मी."

मशीन थांबलं. "काय करता?"

वहिनींनी ताटाचं सांगितलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर टॉवेल, रेझर, सगळंच बाहेर पडलं. पाच महिन्यांत हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं होतं. सांगता सांगता त्या हमसून हमसून रडल्या. शिंपीणताईने रडू दिलं. मग म्हणाली, "वहिनी, औषध तुमच्याच घरात आहे आणि तुम्ही ते चोरून देताय. ताट फिरतं तर माणूस फिरणार नाही का? पण फिरवायचं का, हे वस्तादांना कळायला हवं. उद्यापासून तो रेझर बंद."

उद्यापासून बंद! सांगणाऱ्याचं काय जातं? पुढच्या चार सकाळी वहिनींनी टॉवेल आणला आणि नुसता साबण पुसला. चौथ्या दिवशी डाव्या गालावर चांगली पांढरी खुरटी वाढली होती आणि वस्ताद उजवा गाल कुरवाळत रविवारसाठी तयार बसले होते.

मंडळात वेतकाकांनी वस्तादांचा उजवा हात हातात घेतला. "परवा मला राग आला नाही. माझं एक ऐका. डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत. हात इकडे आणा." आणि तो हात त्यांनी हळूच वस्तादांच्याच डाव्या गालावर ठेवला.

वस्तादांची बोटं तिथे थांबली. खाली गेली, वर आली. तीस वर्षांच्या त्या बोटांना दाढी किती दिवसांची आहे, हे सांगावं लागत नव्हतं. "चार दिवसांची," ते पुटपुटले. मग वहिनींकडे पाहून म्हणाले, "आणि त्याच्या आधी?"

"आधी मी करत होते," वहिनी म्हणाल्या. "रोज. चोरून. तुमचं मन मोडेल म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्हाला डावीकडचं उमगत नाही. मीच लपवलं. चुकलं माझं."

वस्तादांनी काठी टेकून उठायचा प्रयत्न केला, आणि आता हे निघून जाणार, अशी वहिनींची खात्री झाली. तेवढ्यात रंगारी गेल्या वेळसारखाच पाठ करून खुर्चीत येऊन बसला, आणि शिंपीणताईने डोळ्यांनीच वहिनींना खूण केली. वहिनींनी खुर्चीची पाठ धरली आणि रंगाऱ्यासकट ती गर्रकन उलटी फिरवली. आता रंगाऱ्याचं तोंड वस्तादांकडे होतं, आणि त्याची डावी बाजू वस्तादांच्या उजवीकडे आली होती.

"अरे!" वस्ताद ओरडले. "हे असं कुणी ठेवलं?"

"तुम्ही," अकराही जण एकदम म्हणाले.

वस्तादांनी उरलेल्या चौघांना एकेक करून समोर बोलावलं, उलटं बसवलं आणि पाहिलं. "आठ दिवस तुम्ही असेच हिंडलात?" त्यांनी विचारलं. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कसलं?" रंगारी म्हणाला. "बायकोला सांगितलं, नवीन फॅशन आहे. तिने दोन दिवस विश्वास ठेवला."

वस्ताद हसले आणि हसता हसता रडले, लहान मुलासारखे, लाज न बाळगता. वहिनीही रडल्या. आयुष्यात एवढे ऋणी ते दोघं कोणाचेच झाले नव्हते, आणि तेही अशा माणसांचे, ज्यांच्या खोलीची पायरी चढायला त्यांना कमीपणा वाटला होता. मग वस्तादांनी डोळे पुसले आणि पाचही डोकी पुरी केली. वहिनी खुर्ची फिरवत होत्या. प्रत्येक डोकं झालं की वस्ताद डोळे मिटून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत बोटं फिरवत, आणि काही राहिलं असेल तिथे पुन्हा कात्री लावत.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. दाढी नाही, नुसती कटिंग, असं वस्तादांनी स्वतःच ठरवलं. पहिले काही दिवस मंडळाचीच माणसं येत. मग एका सोमवारी परगावचा कोणी साहेब आत शिरला. ना ओळख, ना देख. वहिनी मागच्या पडद्याआड उभ्या होत्या. पुढे होऊन आपणच सांगावं का? त्या दोनदा पुढे झाल्या आणि दोनदा थांबल्या.

वस्तादांनी साहेबांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कंगवा उचलला आणि म्हणाले, "साहेब, आधीच सांगतो. झटक्यानंतर मला डावीकडचं उमगत नाही. म्हणून मध्ये एकदा तुम्हाला पूर्ण फिरवीन, आणि शेवटी हाताने चाचपून बघेन. चालेल ना?"

जे वाक्य वहिनींना पाच महिने बोलता आलं नाही, ते वस्ताद असं बोलले, जणू केस किती बारीक ठेवू असंच विचारत होते.

"चालेल की," साहेब म्हणाले, आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

वहिनी पडद्यामागच्या स्टुलावर बसल्या. कात्रीचा आवाज सुरू झाला. त्यांनी त्या अकरा जणांना एकेक करून आठवलं आणि प्रत्येकाला मनातल्या मनात 'देव तुमचं भलं करो' म्हटलं. थोड्या वेळाने खुर्ची फिरल्याचा आवाज आला. ती वस्तादांनी स्वतःच फिरवली होती.