दोन कॅनची जागा

कॅनचा तळ फुगला होता.

एम्लिन प्रॉसरने तो उलटा करून पुन्हा पाहिला. तळाची आत वळलेली वाटी बाहेर आली होती. टेबलावर ठेवला की कॅन डुगडुगायचा. प्रत्येक घाण्यातले सहा कॅन तो नमुना म्हणून ब्रुअरीतल्या उबदार कपाटात ठेवत असे. या घाण्यातले दोन फुगले होते. तिसरा बोटांना दगडासारखा लागत होता.

"यीस्ट जिवंत आहे," तो म्हणाला. "आत बसून साखर खातंय अजून. गॅस असाच वाढला तर कॅन फुटेल."

त्याची बायको नेस्टा लेबलांचे गठ्ठे बांधत होती. तिचे हात थांबले. "हा घाणा गेला कुठे?"

"सुपरमार्केटला. सगळाच. एकोणीस दुकानांत."

नेस्टा जवळच्या पिंपावर टेकली.

एम्लिनने वेल्सच्या त्या खोऱ्यात सव्वीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले, आणि मग पन्नाशीत बिअर करायला घेतली. सुपरमार्केटच्या साखळीच्या मुख्य कचेरीत तीन वर्षं खेटे घातल्यावर त्याला डोळ्यांसमोरच्या फळीवर जागा मिळाली होती, दोन कॅन शेजारी शेजारी उभे राहतील एवढी. दोन्ही बाजूंना एका बड्या कंपनीचे कॅन. त्यांच्यावर कोल्ह्याचं चित्र, जणू कुणी घरी बसून काढलेलं. कोणती बिअर फळीवर राहणार नि कोणती जाणार, ते येत्या गुरुवारी तिथल्या बैठकीत ठरणार होतं. आज मंगळवार.

"गुरुवारपर्यंत गप्प बस," नेस्टा म्हणाली. "आपलं कपाट गरम असतं. दुकानात काही झालं नसेल."

"आणि झालं असलं तर?"

नेस्टाने लेबलांचा गठ्ठा बाजूला सरकवला. ती म्हणाली, "मला भीती वाटतेय, एम."

"मला काय गंमत वाटतेय?" म्हणत त्याने गाडीची किल्ली उचलली.

दुकानात फळीपुढे उभं राहून तो एकेका कॅनच्या तळाशी बोट नेऊ लागला. पहिला बरा होता. दुसराही. चौथ्याचा तळ फुगून आला होता. त्याच्या मानेवर घाम सुटला. तेवढ्यात एका बाईने शेजारून हात घालून चार कॅन उचलले. तिच्या ट्रॉलीत एक लहान मुलगी बसली होती, आणि पहिला कॅन घ्यायला तिने हात पुढे केले होते.

"ते घेऊ नका!"

बाई दचकली. "का हो? माझ्या नवऱ्याला हीच आवडते. कोल्हा म्हणजे साबणाचं पाणी, म्हणतो."

"आज त्याला साबणाचं पाणीच पाजा. ही बिघडलीय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच बनवतो ती."

तिने चारही कॅन त्याच्या हातात दिले आणि ट्रॉली झटकन मागे ओढली.

हॉवेल हा दुकानाचा मॅनेजर एम्लिनच्याच गल्लीत राहत असे. सगळं ऐकून त्याने खोलीचं दार लावून घेतलं.

"हे दुकानाच्या मशीनमध्ये घातलं ना, की एकोणीसही दुकानांत एकदम 'माल काढा' अशी लाल अक्षरं उमटतील. मग तुझं नाव कायमचं गेलं बघ. त्यापेक्षा इथले कॅन गुपचूप गाडीत भर. मी काही पाहिलं नाही."

"आणि बाकीची अठरा दुकानं?"

"तिथं कदाचित काही होणारही नाही."

एम्लिनला त्या मुलीचे पुढे केलेले हात दिसत होते. त्याला ओरडावंसं वाटलं, पळून जावंसंही वाटलं. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"घाल मशीनमध्ये."

"विचार कर, लेका."

"केला तर हिंमत होणार नाही. तू घाल. आणि दारावर सूचना लावशील ना, तिच्याखाली माझा फोन नंबर लिही. लोकांनी घरी नेलेत त्यांचं काय?"

अर्ध्या तासात मुख्य कचेरीतून फोन आला. बिअरची खरेदी पाहणाऱ्या बाई होत्या. त्यांचा आवाज फार मऊ होता.

"तुम्ही स्वतःहून कळवलंत, आभारी आहोत, मिस्टर प्रॉसर. पण फळी रिकामी ठेवता येत नाही आम्हाला."

"मग कुणाला दिलीत?"

"शेजारच्यांनाच."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी तुम्ही येण्याची गरज नाही."

तो बाहेर आला तेव्हा एक कामगार फळीवरून त्याचे कॅन पिंपात भरत होता आणि दुसरा कोल्ह्याचे कॅन त्या जागी सरकवत होता. दुसऱ्याने एम्लिनकडे पाहून मान खाली घातली.

संध्याकाळपर्यंत एकोणीसही दुकानांतल्या फळ्यांवरून त्याचे कॅन निघाले. दुकानांत कुणाला काही झालं नव्हतं. पण विकले गेलेले कॅन कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत होते, ते कुणाला ठाऊक? फोन वाजला की नेस्टा त्याच्या तोंडाकडे पाही.

चौथा फोन टेकडीवर एकटीच राहणाऱ्या एका म्हातारीचा होता.

"माझ्या फ्रिजात एक आहे बाबा. मुलगा येणार म्हणून आणलेला. फेकून देऊ का?"

"हात लावू नका, आजी. फ्रिजचं दार लावून घ्या आणि बाहेरच्या खोलीत बसा. मी येतो."

"एवढ्याशा डब्यासाठी?"

"येतोच मी."

म्हातारी दारात उभी राहून पाहत होती. एम्लिनने कॅन जाड टॉवेलात गुंडाळला, छातीशी धरला आणि चेहरा एका बाजूला वळवला. मग एकेक पायरी पायाने चाचपत तो गाडीकडे उतरू लागला.