पाहुण्याची खोली

सकाळपासून आनंदराव ओसरीवर पेपर घेऊन तापले होते. युगांडातून हाकललेल्या आपल्या लोकांना जागा द्यायला विलायत कुरकुरते, हा त्यांचा राग.

"एवढी पैशेवाली ते. तिले काहून जागा नसन?"

चुलीपाशी त्यांच्या बायकोचे, सिंधूताईचे, कान किटले होते. तिकडे फाटकाशी पेमा उभी होती, हिवाळ्यात स्वेटर विकायला आलेली तिबेटी बाई. फुटपाथवर झोपून तिची म्हातारी आई तापली होती, म्हणून थंडीपुरती खोली भाड्यानं मागत होती. याच पेमाला आनंदरावांनी रविवारी बुद्धविहारात पहिल्या रांगेत बसवलं होतं, चारचौघांत बहीण म्हटलं होतं.

"मागची खोली रिकामी हाये," सिंधूताई म्हणाली.

"ते पाहुण्याची हाये."

"कोणता पाहुणा येऊन राहिला? तुमची सख्खी बहीण तरी राहिली का कधी?"

"आज दोघी येतीन, उद्या दहा येतीन. आपण काय विलायत हावो?"

सिंधूताईला हसावं की कपाळ बडवावं कळेना. त्या खोलीतली चादर ती दर महिन्याला धुवायची, वाळवायची, पुन्हा अंथरायची. अंग टेकायला कोणी नाही, अन् चादर आपली धुऊन धुऊन विरत चाललेली.

"तुमी विलायतेचं पाहा," ती उठली. "खोलीचं मी पाहीन."

तिनं कडी काढली, खिडकी उघडली आणि पेमाला म्हातारीला घेऊन यायला सांगितलं.

"अन् माझा चहा?" ओसरीवरून आवाज आला.

"आधी पाहुण्याइले देतो," सिंधूताई म्हणाली.