खालच्या रांगेतली पिवळी चिठ्ठी

मी एक पिवळी चिठ्ठी बोलतेय. पाठीला गोंद लावलेली, भिंतीला चिकटणारी. आमचं घराणं फार मोठं. माझ्या पणजोबांवर म्हणे एका राजाने सही केली होती. खोटं सांगत असेन तर आत्ता गळून पडेन.

माझा जन्म हेल्पलाइनच्या टेबलावर झाला. घरच्यांना आवाजी निरोप पाठवायचं अ‍ॅप हे ऑफिस बनवतं. त्या दिवशी एका आजोबांचा फोन आला.

"बाळ, आमच्या हिचा शेवटचा निरोप आहे. विशेष काही नाही गं त्यात. 'दूध उतू घालवू नका, मी आलेच.' एवढंच म्हणाली. आणि आलीच नाही."

फोनवरच्या ताईने माझ्यावर लिहिलं, 'जुने निरोप पुसू नयेत.' कारण अ‍ॅप वर्ष उलटलं की निरोप आपोआप पुसायचं, आणि आजोबांचं वर्ष भरत आलं होतं. त्यांनी तो आवाज दुसऱ्या फोनमध्ये रेकॉर्ड करून बघितला, तर त्यात नुसता पंखा घरघरला.

ताईने मला भिंतीवर लावलं. तिथे करायच्या कामांच्या चिठ्ठ्यांची दाटी. दर सोमवारी सगळे जमत. किती गिऱ्हाइकांनी मागितलं ते बघून साहेब डाव्या कोपऱ्यात फायद्याचा आकडा टाकत. मग प्रोग्रामर एकदम बोटं वर करत. जेवढी मेहनत तेवढी बोटं. तो आकडा उजवीकडे. फायद्याला मेहनतीने भागायचं, उत्तर मोठं ती चिठ्ठी वर.

माझ्या डावीकडे आला एक. उजवीकडे दोन्ही हातांची बोटं, कारण जुने निरोप ठेवायला जागाच नव्हती. मी थेट तळाला, फरशीजवळ. तिथून माणसांचे फक्त बूट दिसत. साहेबांचे बूट 'नाही' म्हणायच्या आधी टाचांवर डुलायचे, हे मी तिथेच शिकले.

आजोबा दर आठवड्याला फोन करत. ताई भिंतीपाशी येऊन भांडायची.

"साहेब, परत फोन आला होता."

"कुणाचा?"

"त्याच आजोबांचा."

"मग एकच झाला ना! शंभरदा मागितलं तरी गिऱ्हाईक एकच, ताई."

"दादा, तेवढा एकच निरोप बाजूला काढता नाही येणार?" तिने मोठ्या प्रोग्रामरला विचारलं.

"निरोप कुलूपबंद असतात गं. आपल्यालाही उघडत नाहीत. आजोबांना म्हणावं, मोर्चा घेऊन या!"

सगळे हसले. ताईही हसली, आणि मग तिच्या चपला बराच वेळ माझ्यासमोरून हलल्या नाहीत.

मला मागे टाकून 'पडद्याला नवे रंग' ही चिठ्ठी वर गेली. 'हसऱ्या चेहऱ्यांची नवी चित्रं' तर उड्या मारत गेली. पुढे एका बड्या गिऱ्हाइकासाठी साठवणीची जागा वाढवली आणि माझी मेहनत एकाएकी एका बोटावर आली. कुणाला दया आली नाही हो, नुसता भागाकार बदलला. मी वर गेले. दादाने जेवणानंतर बसून चहाच्या आत मला संपवलं. टाळ्या वाजल्या.

ताईने मला उपटलं, आपल्या पडद्याच्या कडेला चिकटवलं आणि फोन लावला.

"आजोबा, झालं बरं का काम! आता निरोप पुसले जाणार नाहीत."

पलीकडून आवाज आला, "गेला गं तो. परवा सकाळी बटण दाबलं, तर रिकामंच."

ताईने नाक ओढलं.

"रडू नकोस, बाळ. दुसऱ्या कुणाचा तरी राहील. बरं, ठेवतो हं. गॅसवर दूध आहे."

तेव्हापासून मी इथेच आहे. ताई मला फेकत नाही, माझ्याकडे बघतही नाही. तुम्ही भागाकार खुशाल करा, कामं ढीगभर असतात आणि हात मोजके, मला कळतं. पण एकदा वाकून तळाच्या चिठ्ठीला विचारा, "तुला कधीपर्यंत थांबता येईल?" आमच्या भिंतीवर त्याला कोपराच नव्हता.

आता माझा गोंद सुकलाय. मघाशी शपथ घेतली होती, ती राजाच्या सहीसाठी. सही खोटी होती. आजोबा खरे होते.